बाबांचं नाव आणि तेलाची वाट

वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकात आमचं गॅरेज. बाबांनी टाकलेलं, आता मी चालवतो. घरी आलेली लग्नपत्रिका बाबा कधी फेकत नसत. नळीच्या जोडातून तेल गळू नये म्हणून मध्ये बसवायची पॅकिंग जाड कार्डाची चांगली होते, म्हणून गठ्ठा करून ठेवत. कार्ड नळीच्या जोडाच्या भोकावर धरायचं, कडेनं हातोडी हलकी ठोकायची, की नेमका तेवढाच तुकडा निघतो. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोखालची तेल उतरायची नळी बसवताना तर ते हमखास बजावत, "येणाऱ्या तेलाले पंपाचा जोर असते, जाणाऱ्याले नसते. ते आपल्या वजनानं उतरते. त्याची वाट मोठी ठेवजो."

बाबा गेल्यानंतर वर्षभरात धाकट्या भावाचं लग्न झालं. मग एकदा त्याच्या पिकअपची तीच पॅकिंग गेली. वर्ध्याहून नवी आणेपर्यंत त्याला धीर नव्हता. गठ्ठ्यात जाड कार्ड एकच उरलं होतं, त्याच्याच लग्नाचं, तेही कापून उरलेला तुकडा. भोकावर धरलं, तर ऐन मध्ये बाबांचं नाव, नावाआधी 'कै.' लिहिलेलं. माझी हातोडी थांबली. नाव तुटू नये म्हणून त्या बाजूनं मी भोक अर्धंच पाडलं आणि नळी कसली. एरवी दुसऱ्याच्या कामात चुका काढणारा मी!

चौथ्या दिवशी भर दुपारी भाऊ दारात गाडी लावत होता. मागे निळा धूर. त्यानं इंजिन बंद केलं. ते बंद झालं नाही. उलट आवाज चढत गेला, कुणी ॲक्सिलरेटर दाबून बसल्यासारखा.

"चावी काढ!" मी ओरडलो.

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. "दादा, चावी त माह्या हातात हाये!"

टर्बोत तुंबलेलं तेल हवेच्या नळीत शिरलं होतं आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत होतं.

"उतर खाली! फुटन ते!"

"उतार हाये, ब्रेक सोडला त गाडी रोडवर जाईन!"

तो उतरेना. मी हवेची नळी उपटली आणि हवा तोडायला इंजिनाच्या तोंडावर रबराची चटई, तिच्यावर फळी दाबून धरली. आतून काहीतरी फळी ओढत होतं. मग गाडी दोनदा हादरली आणि गप्प झाली. भावाच्या मुठीतली चावी तरीही सुटेना.

तेल उतरायची नळी खोलली. तेलानं काळ्या पडलेल्या कार्डावर अर्धं भोक झाकून बाबांचं नाव शाबूत होतं, स्पष्ट वाचता येत होतं. मी भावाला सगळं खरं सांगितलं. माझी मान वर होत नव्हती.

टर्बो आणि नळ्या धुवून होईपर्यंत तो घरी गेला आणि आपल्या लग्नाचं दुसरं कार्ड घेऊन आला. या अख्ख्या कार्डावर कोरी जागा भरपूर होती. तरी त्यानं बाबांचं नाव बरोबर भोकावर धरलं.

"मार, दादा. बाबाच म्हनत, वाट मोठी ठेवजो."

मी हातोडी उचलली आणि पूर्ण भोक पाडलं.