माझं नाव सांगून शेरूला भादरलं

मंडळी, आज माझ्याच घरात माझा विश्वासघात झाला.

आमच्या केसाळ कुत्र्याचे, शेरूचे, केस सध्या फार गळतात. मी रोज त्याला अंगणात नेऊन विंचरते, तरी ह्यांच्या चहात एखादा केस सापडतोच आणि मग दिवसभर कुरकुर.

सकाळी पोलादपूरला बहिणीकडे गेले होते. दुपारी महाडला परतले तर शेरूच्या अंगावर केसच नाहीत! शेजाऱ्यांच्या म्हशी भादरायला आलेल्या माणसाकडून ह्यांनी त्यालाही भादरून घेतलं होतं. त्या दाट केसांमुळेच त्याला ऊन लागत नाही, हे ह्यांना शंभरदा सांगून झालंय.

तो माणूस अजून शेजारीच होता. "काकू, माझ्यावर नका रागावू. मी इचारला होता. काका बोलले, काकूंनीच सांगितलंय."

मी ह्यांच्याकडे वळले.

"अगं, तुझं नाव घेतल्याशिवाय तो हातच लावेना," हे म्हणाले. "शेरूसुद्धा उभा राहीना. 'आई आली, आई आली' म्हटलं, तेव्हा कुठे थांबला."

मघापासून हाका मारतेय, पण शेरू पलंगाखालून बाहेर येत नाही. केस येतील हळूहळू. पण तेव्हा आई आलीच नव्हती, हे त्याला कसं समजावू?