मोलिसेची फळी, तलमडुगुच्या कण्या

लढाई संपवून मी तलमडुगुला परतलो तेव्हा माझ्यापाशी सांगायला एक अख्खा देश होता. निजामाच्या राज्यातल्या आमच्या त्या कोपऱ्यातून इटलीपर्यंत गेलेला मी एकटाच. फौजेच्या रसदीत पिठाच्या पोत्यांवर नजर ठेवायचं माझं काम. बंदूक मी लांबूनच पाहिली. पण चावडीसमोर बसलो की सगळ्या तोफा मीच डागलेल्या असायच्या.

एकटा असलो की मात्र आठवायचं वेगळंच. मोलिसे नावाचा डोंगराळ मुलूख. तो नेमका कुठे, असं इटलीतल्याच इतर गावच्या लोकांना विचारलं, तर तेही हात हवेत कुठेतरी फिरवायचे. डोंगराच्या टोकावर दगडी गाव, आणि सकाळी दरीत धुकं असं साचायचं की वाटावं, ही घरं कशावर टेकलेलीच नाहीत. छपरांखाली लाल मिरच्यांच्या माळा. त्या पाहिल्या आणि माझी निम्मी भीती गेली. मिरच्या वाळवणारी माणसं फार परकी नसतात.

गावाखालून मेंढरांची वाट जायची. वाट कसली, नदीच्या पात्राएवढा रुंद गवताचा पट्टा होता तो, डोंगरामागून डोंगर ओलांडत दूरच्या मैदानात उतरणारा. थंडीआधी कळप तिकडे जात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतत. लढाईमुळे त्या वर्षी तो रिकामा होता. संध्याकाळी मी त्यावरून चालायचो. असंच चालत राहिलो तर कुठेतरी गवत संपेल आणि पाय आपल्या कापसाच्या शेतात पडेल, असं मला अगदी खरं वाटायचं.

पिठाची कोठी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या गोठ्यात होती. एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. म्हातारीने तांब्याच्या कढईत मक्याच्या पिठाचा घाटा रटरटवला. त्याला ते पोलेंता म्हणत. मग ताटवाटी काही न मांडता तिने तो सगळाच्या सगळा टेबलावरच्या लाकडी फळीवर ओतला. वर टोमॅटोचं लाल कालवण आणि मेंढीच्या दुधाचं चीज. मधोमध मांसाचे काही तुकडे होते. ते कशाचे, हे मी बाबांना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. म्हातारा, म्हातारी, त्यांची सून आणि मी चार बाजूंना बसलो. ज्याने त्याने आपल्या काठापासून खात मध्याकडे जायचं. म्हाताऱ्याने बायकोच्या हद्दीत चमचा घातला, तशी तिने त्याच्या बोटांवर चमचा हाणला.

ही गोष्ट मी घरी सांगितली. चुलत्यांशी बाबांचा शेताच्या धुऱ्यावरून जुना वाद. बांध कोणी किती कोरला, हाच त्यांचा जन्माचा विषय.

"जेवनात बी धुरा?" बाबा म्हणाले. "शहाने लोक हायेत."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या विमानांबद्दल, बर्फाबद्दल तिने कधी एक शब्द विचारला नव्हता.

"अन् त्या घरची बाई कवा जेवे?"

"तवाच. सगळ्याईसंग."

"मंग वाढे कोन?"

"कोनीच नाही. एकदा ओतलं की वाढाले काही उरतच नाही."

ती आत गेली.

आमच्याकडे बाबांचं आणि माझं जेवण आटोपल्यावर ती माझ्याच ताटात जेवायची, आत, एकटी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला घास घेताना मी पाहिलं नव्हतं. मोलिसेहून मी वस्तू काही आणली नव्हती. तिला समोर बसून जेवताना बघायचं, एवढी एक इच्छा आणली होती. पण सून सासऱ्यासमोर जेवायला बसणार, असं सरळ म्हणालो असतो तर बाबा उपाशी उठून गेले असते. तेव्हा नाटक करायचं ठरवलं.

मी आमच्या बैलबंडीची सागवानी फळी उतरवली. राखेने घासली, चिंचेने घासली, उन्हात तापवली. बैल संशयाने बघत होते.

"काय करून राह्यला रे?" बाबांनी विचारलं.

"इटली."

बायकोला म्हणालो, मका राहू दे, ज्वारीच्या कण्या शिजव आणि वर अंबाडीची भाजी. संध्याकाळी ओसरीवर फळी मांडली. एक बाजू भिंतीला. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला मी. अंगणाकडची बाजू मोकळी.

तिने पातेलं आणून कण्या ओतल्या, वर भाजी घातली, भाजीवर लसूण घालून तापवलेलं जवसाचं तेल सोडलं. मग पदर सावरत दाराशी जाऊन उभी राहिली. वाढायला काही नव्हतं, तरी उभी.

एरवी तिच्या कण्या अशा की पळी उभी राहावी. त्या दिवशी त्या सैल होत्या. त्या हळूहळू मोकळ्या बाजूकडे चालू लागल्या. बाबांना सांडलेला दाणा जन्मात कधी बघवला नाही. त्यांनी हात लांबवला, पुरेना.

"अडव ना रे."

"तो धुरा माहा नाही, बा. तिकडं रीत मोडत नसतात."

कण्या काठावर आल्या, थबकल्या, फुगल्या.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "पाहून काय राह्यली? सांडून राह्यलं सारं. बस तिकून. धर तो धुरा."

ती बसली. पदर कपाळाखाली ओढलेला, बाबांकडे अर्धी पाठ. काठावरून लोटत तिने घास उचलला, फुंकला आणि तोंडात घातला. एवढंच. गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि मला ती मेंढरांची वाटली. अंगणापलीकडे गवताचा तो पट्टा आलाय, कळप परतलेत, आणि आम्ही तिघं धुक्यावर कुठेतरी बसलोय, असं वाटत राहिलं. भानावर आलो तेव्हा तिची बोटं माझ्या हद्दीत शिरली होती.

"बा, हे पाहा."

"मी कोनाचा पंच नाही," बाबा म्हणाले आणि भाजीकडे सरकले.

दुसऱ्या दिवशी ताटं पुन्हा मांडली गेली आणि ती वाढायला उभी राहिली. पण थंडी पडली की बाबाच म्हणू लागले, "फळी घास, लय दिस झाले."

पुढे एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी कण्या सैल कशा झाल्या.

"तुमच्या इटलीत कशा करतात, मले काय माईत," ती म्हणाली.

पावसाचं पाणी निघून जावं म्हणून आमच्या ओसरीला अंगणाकडे उतार आहे. फळी मांडताना तो मला चांगला ठाऊक होता. पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.