पहिला ग्लास बाबांचा

बाबा आज सकाळी गेले. गंगाजल देव्हाऱ्यातच राहिलं.

आत्या त्यावरून माझ्याशी अजून बोलत नाहीये. नको बोलू दे.

बाबा सरकारी डॉक्टर. पहिली पोस्टिंग वाशिमकडच्या मेडशीच्या बाजूच्या एका खेड्यात. जुलाब-उलट्यांची साथ सुरू होती. विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली, तर त्या नाकाला झोंबणाऱ्या वासानं लोक पाणीच पिईनात.

"डाक्टरनं पान्यात जहर टाकलं," असंही कोणी उठवलं.

मग बाबांनी चावडीसमोर बादली मागवली आणि सगळ्यांदेखत पहिला ग्लास स्वतः प्यायले.

रोज. साथ सरेपर्यंत.

मला सांगायचे, "तोंड वाकडं झालं असतं ना बेटा, तर गावानं पेलंच नसतं."

पुढे तालुका, जिल्हा, शेवटी मुंबईत मोठं ऑफिस. मीटिंगा, व्हिडिओ कॉन्फरन्स, दौरे. घरात माणूस कमी, फोन जास्त. शुद्ध पाण्याची परिपत्रकं काढून काढून थकले.

"कागदाले वास येत नाही," म्हणायचे, आणि रहीमचाचांना फोन लावायचे. चाचा त्याच गावात पंचायतीचं पाणी सोडतात.

ना नमस्कार, ना तब्येत.

"वास येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला साहेब. लोकं मले शिव्या देऊन राह्यले."

"देऊ दे."

फोन बंद.

माझ्या लग्नाच्या मांडवातूनसुद्धा हा फोन झालाय. राग यायचा मला. खूप यायचा.

रिटायर होऊन वाशिमला परत आले, तरी घोर तोच. "मी गेल्यावर टाकतीन का वं हे लोकं पावडर?"

आणि लगेच चाचांना फोन.

काल त्यांनी अन्न सोडलं. आज पहाटेच्या एसटीनं चाचा वाशिमला आले. हातात पाण्याची बाटली.

"आपल्या टाकीचं हाय पोरी. पावडर टाकूनच निंगालो. साहेबाले पाजून पाह्य."

आत्या म्हणाली, "अवं, असं काय करतं? गंगाजल दे."

मी बाटलीचं झाकण काढलं. तोच वास.

"बाबा, वास येऊन राह्यला," मी त्यांच्या कानाशी म्हणाले, आणि चमचाभर पाणी तोंडात घातलं.

गिळलं त्यांनी.

तोंड वाकडं केलं नाही.

या बाबा. आता तरी सुट्टी घ्या.