तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या कॉलेजात ती डॉ. भैरवी साठवणे आणि घरी मयुरा हटवार. यात लपवाछपवी काही नाही, आपल्याकडच्या लग्नात होतं तेच झालं. दुर्गेशशी तिचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या बहिणीचं नावही भैरवीच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? सासूबाईंनी, म्हणजे कौशल्याबाईंनी, ताटात तांदूळ पसरले आणि दुर्गेशने अंगठीने त्यात 'मयुरा' लिहिलं. पेढे वाटले गेले. पुढच्याच वर्षी त्या नणंदेचंही लग्न झालं आणि सासरच्यांनी तिची गार्गी करून टाकली. म्हणजे जिच्यासाठी हा खटाटोप झाला, तीही भैरवी राहिली नाही. हे ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. भैरवीही हसली होती. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मी उत्तरा. त्याच कॉलेजात मराठी शिकवते आणि लकडगंजला तिच्या शेजारच्या गल्लीत राहते. आम्ही दोघीही तासिका तत्त्वावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जितके तास शिकवाल तितकेच पैसे, उन्हाळ्यात कॉलेज बंद की आपली चूलही मंद, आणि दरवर्षी पुन्हा मुलाखत. तेच प्राचार्य, तीच खुर्ची, आणि वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या बाईला तोच प्रश्न, "स्वतःबद्दल सांगा." माझं सोडा. मराठीच्या बाईला जगात कुठे मागणी असणार? भैरवीचं तसं नव्हतं, आणि मला संताप येतो तो याचाच.

तिची पीएचडी संत्र्यावरच्या काळ्या माशीवर. ही माशी लागली की पानांवर काजळी चढते, आपले बागवाले त्याला कोळशी म्हणतात. या माशीच्या पिल्लांत अंडी घालून त्यांना संपवणारी एक गांधीलमाशी असते, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. ती वाढवून बागेत सोडली तर औषध कमी फवारावं लागतं. भैरवीने काटोलकडच्या बागा उन्हातान्हात तुडवून त्या किड्याचा अख्खा संसार अभ्यासला. परदेशातल्या नियतकालिकांत तिचे लेख छापून आले. आणि एवढं करून ती आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना झुरळाची पचनसंस्था शिकवत होती.

मुलगी शाळेत जायला लागली तसे तिने बाहेरच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला सुरुवात केली. प्रत्येक अर्जात एक प्रश्न ठरलेला: आमच्या देशात काम करण्याचा हक्क तुम्हाला आहे का? नाही म्हटलं की खेळ खलास. चहा गाळून होईपर्यंत नकार आलेला असायचा. कंपनीनेच तिकडच्या सरकारला सांगायचं असतं की ही बाई आम्हाला हवी आहे, हिची जबाबदारी आमची. तेव्हा कुठे व्हिसा मिळतो. ती जबाबदारी घ्यायला कोणी तयार नव्हतं. काहीजण गोड लिहायचे, तुमचं काम फार आवडलं, पण व्हिसासाठी आम्ही कोणाला प्रायोजित करत नाही. "मग आवडून काय लोणचं घालायचं का?" असं मी म्हणायचे. ती पुढचा अर्ज भरायला घ्यायची.

मागच्या वर्षी मात्र ऑस्ट्रेलियातल्या संत्र्याच्या एका मोठ्या बागायती कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. त्यांना तीच गांधीलमाशी आपल्या प्रयोगशाळेत वाढवायची होती. थोड्या वेळाने त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं आणि ती सांगते ते टिपून घ्यायला लागले. नोकरी पक्की झाली, व्हिसाची हमी कंपनी घेणार होती, नवरा आणि मुलगी सोबत जाऊ शकणार होते. दुर्गेश कळमन्याला एका धान्याच्या अडतीवर दिवाणजी आहे. इंग्रजीच्या नावाने शून्य. तो म्हणाला, "तू पुढं चाल वं. मी तिकडं झाडू मारीन, पण तू चाल." नवरा म्हणून मला हा माणूस त्या दिवशी फार आवडला.

मग कागद सुरू झाले. पदव्या आणि लेख सगळे भैरवी चंपतराव साठवणे या नावाने, पासपोर्ट मयुरा दुर्गेश हटवार या नावाचा. हेलन नावाची कंपनीतली बाई हे प्रकरण पाहत होती. तिने साधंच मागितलं, या दोघी एकच आहेत हे दाखवणारा एखादा सरकारी कागद पाठवा. आम्ही म्हटलं, हात्तिच्या, लग्नाचा दाखला आहे की! तो काढला आणि भैरवीने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. लग्नाची नोंदणी लग्नानंतर काही वर्षांनी गांधीबागेतल्या एका एजंटामार्फत केली होती. त्याने आधार कार्ड समोर ठेवून फॉर्म भरला होता. वधूचे लग्नापूर्वीचे नाव: मयुरा चंपतराव साठवणे. नवराबायकोने खाली सह्या केल्या होत्या. घरात सगळे मयुराच म्हणत होते, त्यामुळे कोणाला काही खटकलंच नाही. सरकारदरबारी ती जन्मापासून मयुराच होती. भैरवीचं लग्नच झालेलं नव्हतं.

धावाधाव केली. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नाव छापून आणलं. ते पाहून कंपनीच्या वकिलाने नवीनच शंका काढली. राजपत्राप्रमाणे भैरवीची मयुरा झाली या वर्षी. पण मयुराचा पासपोर्ट तर कितीतरी जुना. मग त्या पासपोर्टवरची बाई कोण? आणि डॉ. साठवणे यांच्याशी थेट बोलता येईल का? हे वाचून मला हसावं की त्याच्या नावाने बोटं मोडावीत ते कळेना. भैरवीने आपले छापून आलेले लेख स्क्रीनवर उघडले. "उत्तराताई," ती म्हणाली, "माझंच काम आहे ते. माझ्याच हातचं आहे. अन् मीच सिद्ध करू शकून नाही राहिली."

एका सकाळी हेलनने व्हिडिओवर बोलायला वेळ मागितली. भैरवीने मला शेजारी बसवून घेतलं, धीर यावा म्हणून. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. हेलनने नमस्कार-चमत्कार केले तेवढ्यात स्वयंपाकघरातून कौशल्याबाई आल्या. डोक्यावरून पदर घेतलेला, हात पिठाचे. त्या सरळ फोनसमोर येऊन बसल्या.

"नमस्कार बाई," त्या मराठीतच म्हणाल्या. "हे भैरवीच आहे. नाव म्या बदलवलं. मायी पोरगी भैरवी होती म्हणून बदलवलं. हिनं कोणाले फसवलं नाही. जे लिहून पाहिजे ते म्या लिहून देतो, अंगठा मांगा, सही मांगा. पण हिले नेजा. लय शिकली आहे हे." आणि त्यांनी फोनपुढे पिठाचे हात जोडले.

हेलनला काही कळलं नाही. तेव्हा भैरवीने स्वतःच ते सगळं इंग्रजीत सांगितलं. सासूबाई म्हणतात नाव त्यांनी बदललं. म्हणतात मी कोणाला फसवलं नाही. म्हणतात मला न्या. आवाज जराही हलला नाही तिचा. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

हेलनने ते सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती, तिला शिव्या द्यायची सोयही नाही. ती म्हणाली की तिचा स्वतःचा भैरवीवर पूर्ण विश्वास आहे. पण बागांचा हंगाम तोंडावर आलाय, वकील पुढे जाऊ देत नाहीत, आणि कंपनीने कालच दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. ही बातमी नुसत्या ईमेलने कळवणं तिला बरं वाटलं नाही, म्हणून तिने फोन केला होता.

"काय म्हणून राहिली वं ते?" कौशल्याबाईंनी विचारलं.

भैरवीने त्यांच्याकडे पाहिलं. "हो म्हणून राहिली, आई. तुमचं ऐकलं तिनं."

कौशल्याबाईंनी पुन्हा एकदा फोनला हात जोडले आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. दुपारपर्यंत गल्लीभर सांगून झालं की आमची मयुरा ऑस्ट्रेलियाला चालली आणि साहेबीणबाईशी मी बोलली. मी अडवू शकले असते. कोणत्या तोंडाने अडवणार होते?

खरं काय ते शेवटी दुर्गेशने आईला सांगितलं. त्या दिवसापासून कौशल्याबाई सुनेला भैरवी म्हणायला लागल्या. पाहुण्यांसमोर, नातीसमोर, भाजीवाल्यासमोर, मुद्दाम, मोठ्याने. आपल्या हातून गेलेलं आपणच परत देतोय अशा थाटात. जूनमध्ये भैरवीने कॉलेजची मुलाखत पुन्हा दिली. तीच खुर्ची, तोच प्रश्न. तास मिळाले, मागच्याहून कमी.

परवा संध्याकाळी मी तिच्याकडे बसले होते. ती पोरांचे पेपर तपासत होती. कौशल्याबाईंनी आतून हाक मारली, "भैरवी, ये वं, जेवून घे." ती दचकली, झटकन उठून बाहेरच्या दाराकडे गेली. दारात कोणी नव्हतं. मग परत येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, मले मयुराच म्हणत जा. ते नाव ऐकलं का मले वाटते, कोणी न्यायले आलं."