कुरेमात्सुचं खरं गाणं

मारामारीत इसोगाई रोकुरो डावा हात कायम तोंडावर ठेवायचा. उजव्या हाताने समोरच्याचं नाक फोडायचा, लाथा घालायचा, पण डावा पंजा ओठांवरून हलायचा नाही. नवख्या माणसाला वाटायचं, याला हसू आवरत नाहीये की काय! हसू कसलं डोंबल. रोकुरो ट्रम्पेट वाजवायचा, आणि पुढचे दात गेले, ओठ फाटला की ट्रम्पेटवाला संपला. बाकी सगळं अंग फुटलं तरी चालेल, तोंड शाबूत राहिलं पाहिजे, एवढीच त्याची अट.

दिवसभर तो गोदीत जहाजाचे पत्रे जोडायचा. संध्याकाळी कामावरून सुटला की थेट मैदान. आमच्या बंदराचा बेसबॉलचा संघ म्हणजे हार्पून्स, आणि हार्पून्सच्या माणसांची जागा म्हणजे उजवा स्टँड. तिथे बसून खेळ बघणं हा प्रकार नव्हताच. आपला संघ बॅटिंगला आला की उभं राहायचं, घसा फुटेस्तोवर गायचं. एकदा कुणी कारकून तिथे पेपर वाचत बसला होता, त्याला उचलून पायऱ्यांवरून खाली फेकला. पेपरही मागून फेकला, त्याचा होता म्हणून.

आमच्याकडे प्रत्येक बॅट्समनचं आपलं स्वतःचं गाणं असतं. तो मैदानात पाऊल टाकतो तेव्हा आधी एकटा ट्रम्पेट सुरुवातीची धून वाजवतो. तिचा शेवटचा सूर लांबतो, ढोल पडतो, आणि सगळा स्टँड एका तोंडाने तीनदा त्याचं नाव घेतो. मग शब्द. हे इतक्या वर्षांत लोकांच्या हाडात मुरलेलं. ती धून कानावर पडली की तोंडातला घास तसाच ठेवून माणूस नाव ओरडणार.

कुरेमात्सुचं गाणं रोकुरोने बांधलं होतं. कुरेमात्सु समोरच्या बेटावरचा, कालवं काढणाऱ्या घरातला, धिप्पाड, लाजाळू पोरगा. बेटाकडे जाणाऱ्या बोटीचा भोंगा ऐकत ऐकत रोकुरोला ती धून सुचली. रोकुरोला मूलबाळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते गाणंच त्याचं पोर होतं.

"उचल रे वल्हं, बेटाच्या लेकरा,
लाट फोड, चेंडू ने धक्क्यापार!"

मग त्या हिवाळ्यात मालकांनी कुरेमात्सुला विकला. तोही कुणाला, तर टोकियोच्या कॉमेट्सना! त्या पोराला कुणी विचारलंसुद्धा नसेल. पण स्टँडला एवढा विचार कोण शिकवणार? गद्दार तो गद्दार.

रीत अशी की संघ सोडून गेलेल्याचं गाणं वाजवायचं नाही. ते गुपचूप मरू द्यायचं. रोकुरोने तसं मरू दिलं होतं. पण उन्हाळ्यात कॉमेट्स आमच्या मैदानावर आले त्या दिवशी स्टँडच्या वाजंत्री दलाच्या म्होरक्याने, ओनिझुकाने, त्याला ढोल ठेवायच्या खोलीत बोलावलं. ओनिझुका म्हणजे लॉऱ्यांच्या धंद्यातला माणूस, मनगट हे असं, हातात पांढरे मोजे, गळ्यात शिट्टी. स्टँडमध्ये त्याचा शब्द खाली पडत नसे.

"आज कुरेमात्सुचं वाजवायचं," तो म्हणाला. "चाल तीच. शब्द मी नवीन बसवलेत. ऐक."

"बूड रे बूड, बेटाच्या चोरा,
टाळकं फोडू, जा माघार!"

खोलीतले सगळे खदाखदा हसले. रोकुरो हसला नाही.

"प्रमुख, गेलेल्याचं गाणं आपण वाजवत नाही."

"वाजवत कोण बसलंय? थुंकायचंय त्याच्यावर."

"मग दुसऱ्या कुठल्या चालीवर थुंका. ही नको. हात जोडतो."

ओनिझुकाने खाडकन मुस्काटात मारली. मग रोकुरोचा वरचा ओठ दोन बोटांत धरून पिळला. "हा ओठ माझ्या मेहेरबानीवर वाजतो, कळलं? नसेल वाजवायचं तर अंगातला दलाचा कोट काढ आणि घरी जा बायकोच्या पदराखाली. दुसरा वाजवेल. पण मग ऐक, हे शब्द आजच्यापुरते राहणार नाहीत. तो जेव्हा जेव्हा इथे येईल तेव्हा हेच. दहा वर्षांनी पोरासोरांना विचारलंस ना कुरेमात्सुचं गाणं कुठलं, तर हेच म्हणून दाखवतील."

रोकुरोने कोट काढला नाही. भ्याला, दुसरं काय! स्टँड सुटला तर त्याच्यापाशी गोदीशिवाय उरत काय होतं?

कुरेमात्सु पहिल्यांदा बॅट घेऊन आला. शिवीच द्यायची म्हणून ओनिझुकाने सुरुवातीची धून गाळली होती. ढोल पडला आणि एकदम शब्दच सुरू झाले. "बूड रे बूड!" लोकांना भलतीच मजा आली. बिअरचे डबे, बाटल्या, बॅटरीचे सेल, हाताला लागेल ते मैदानात जाऊ लागलं. रोकुरो मैदानाकडे न बघता वाजवत होता. कुरेमात्सुने एकदाच उजव्या स्टँडकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि तीन चेंडूंत बाद होऊन गेला.

त्यावर कॉमेट्सची माणसं डावीकडून निशाणांचे बांबू घेऊन चालून आली. जिन्याच्या तोंडाशी धुमश्चक्री झाली. रोकुरो त्यात असा घुसला की आपलीच माणसं बाजूला झाली. डावा हात तोंडावर, आणि उजव्याने एकेकाला लोळवत सुटला. एकाच्या गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाज आला. तो माणूस पाया पडायला लागला तरी हा थांबेना. नाहीतरी आज कुणाला तरी मारायचंच होतं त्याला. ज्याला मारायचं होतं तो वर उभा राहून शिट्टी फुंकत होता.

पोलिसांनी दोन्हीकडच्यांना मागे रेटलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि कुरेमात्सु दुसऱ्यांदा आला. आमच्या पिचरने पहिलाच चेंडू सरळ त्याच्या डोक्यावर टाकला. मुद्दाम टाकला की हातातून सुटला, देव जाणे. टोपाच्या खाली, कानाच्या मागे बसला. तो आवाज वरच्या रांगेपर्यंत आला. कुरेमात्सु कोसळला. त्याचा एक पाय थोडा वेळ मातीत घासत राहिला, मग तोही थांबला.

आणि स्टँड आनंदाने ओरडला, राव! माणूस मातीत पडलाय आणि हे टाळ्या पिटतायत. ओनिझुकाने शिट्टी मारली, दोन्ही हात उंचावले. "पुन्हा! टाळकं फोडू! रोकुरो, वाजव!"

रोकुरो बाकावर चढला. दोन्ही हातांनी ट्रम्पेट धरला, डोळे मिटले, आणि सुरुवातीची धून वाजवली. ती जुनी, बोटीच्या भोंग्याची, गाळलेली धून. शेवटचा सूर त्याने छाती फुटेपर्यंत ताणला.

ढोलवाल्याचा हात आपोआप पडला. आणि सगळा स्टँड, नुकताच टाळ्या पिटणारा तोच स्टँड, सवयीने, विचार न करता गरजला.

"कुरेमात्सु! कुरेमात्सु! कुरेमात्सु!"

पुढे जुनेच शब्द आले. धुनीमागून दुसरे येणार तरी कुठून? उचल रे वल्हं, बेटाच्या लेकरा. दुसऱ्या ओळीवर येईतो लोकांच्या ध्यानात आलं आपण काय म्हणतोय ते. काहींचा आवाज चिरकला. एक म्हातारी गाता गाता रडायला लागली. पण थांबलं कुणी नाही.

"बंद कर! बंद कर, भडव्या!" ओनिझुका बाक तुडवत आला. त्याने ढोलवाल्याच्या हातातली टिपरी हिसकावली आणि ट्रम्पेटच्या तोंडावर दाणकन हाणली. पितळ मागे सरकलं आणि रोकुरोचे पुढचे दात आत गेले. दोन्ही हात ट्रम्पेटवर होते, तोंड कशाने झाकणार? त्याने रक्त थुंकलं आणि ट्रम्पेट पुन्हा ओठांना लावला. एक फुटका, ओला सूर निघाला. ओनिझुकाने दुसरा घाव घातला, मग तिसरा. रोकुरो बाकांच्या मधे पडला, तेव्हा दलाच्या कोटातल्या चौघापाचांनी त्याला बुटांनी तुडवला. त्यात ज्यांना त्याने स्वतः वाजवायला शिकवलं होतं तेही होते. वर गाणं चालूच होतं, ट्रम्पेटवाचून, शेवटच्या ओळीपर्यंत.

इस्पितळात बायको फुसाए आली ती तणतणतच. कालवं सोलून सोलून तिचे हात चिरलेले, जीभ त्याहून धारदार. "झालं समाधान? आता आयुष्यभर पेज प्या! त्या मेल्या कुरेमात्सुने तुम्हाला भाकरी घातली होती का कधी?" असं म्हणाली आणि तिलाच हुंदका आला.

रोकुरोला बोलताना त्रास होत होता. "त्याने... ऐकलं का?"

फुसाएने सकाळचा पेपर वाचला होता. तिला खोटं बोलता आलं असतं. आली नाही तिला तेवढी लबाडी.

"नाही हो. चेंडू लागला तेव्हाच त्याची शुद्ध गेली होती. दवाखान्यात नेल्यावर डोळे उघडले म्हणे."

रोकुरो मोठ्याने रडला. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

मग त्याने विचारलं, "परत कधी येणार... इथे खेळायला?"

"नाही येणार. कान गेला, तोल गेला. डॉक्टर म्हणतात, बॅट धरायची नाही आता. संपला खेळ त्याचा."

बांधलेल्या ओठांतून शब्द जुळवायला रोकुरोला वेळ लागत होता.

"म्हणजे ओनिझुकालाही... आता ते चोराचं गाणं म्हणता येणार नाही."

"कुणावर म्हणणार? माणूसच नाही मैदानात."

"मग शेवटचं जे म्हटलं..."

"तुम्ही वाजवलंत तेच," फुसाए म्हणाली. "मी रेडिओवर ऐकलं. खऱ्या शब्दांचं होतं."

रोकुरोने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तो पुन्हा रडत होता, पण आता आवाज न करता.