तिसरा नंबर सुनीलचा

मला मदत केली ती कासमभाईंनी. काय झालं ते पुढे सांगतो, पण नाव आधी लिहितो. कारण भानगड सगळ्यांच्या लक्षात राहते आणि मदतीला आलेला माणूस मागे पडतो.

कासमभाई दापोलीकडचे. कुवेतमध्ये फहाहीलच्या बाजारामागे एका सलूनमध्ये कारागीर होते. दुसऱ्याची दाढी अशी गुळगुळीत करायचे की हात फिरवत बसावं, पण त्यांच्या स्वतःच्या डाव्या कानाखाली चार पांढरे केस कायम राहून जायचे. कुणी दाखवले तर म्हणायचे, "राहू दे. तेवढाच माल शिल्लक हाय." दुकानात त्यांचा कायदा एकच, नंबर. साहेब असो की हमाल, जो आधी आला तो आधी बसणार.

सुनील माझा धाकटा भाऊ. मी आठवीतून शाळा सोडलेला, तो दहावीतून. दोघंही तिथेच मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत परांची बांधायच्या कामावर होतो. पाठ धरली म्हणून त्याला कुणीतरी गोळी दिली. पाठ सुटली, पण मग गोळी सुटेना. नोकरी गेली. खोलीतल्यांनी त्याची गादी जिन्यात आणून ठेवली. त्यांना तरी काय बोलू, पोलिसांची भीती सगळ्यांनाच. सुनील बाजारामागच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर राहायला लागला. आपलीच माणसं तिथून जाताना फोन काढून कानाला लावायची, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागत नाही. मी डबा द्यायला जायचो तेव्हा माझं अर्धं लक्ष डब्यावर, अर्धं रस्त्यावर.

पोलिसांनी उचललं तर तुरुंग. आपल्या पायांनी व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेला तर केस होत नाही, असं सगळे सांगायचे. पण सुनीलचं उत्तर ठरलेलं होतं, "उद्या जाऊ, दादा."

एका शुक्रवारी सकाळी कासमभाई त्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. "काय रे, दाढी करायची नाय? चल, दोघं बसलेत, तुझा तिसरा नंबर."

मी डबा घेऊन तिथेच होतो. मी हळूच म्हणालो, "कासमभाई, दुकान बंद करताना केली तर?"

"का? चोरी करतोय मी? दिवसा करणार. आणि पुढच्या खुर्चीवर."

खुर्चीत बसल्यावर सुनील आरशात बघेना, मान खालीच. कासमभाईंनी खुर्ची काचेच्या दाराकडे फिरवली. आता सुनीलला रस्ता दिसत होता आणि रस्त्याला सुनील.

मग दर शुक्रवारी हेच. एकदा बँकेतले देशपांडेसाहेब नंबर लावून फोनवर अमेरिकेतल्या कुठल्याशा शहराचा व्हिडिओ बघत होते. फुटपाथवर तंबू, आणि नशेत कमरेतून वाकून उभी राहिलेली माणसं. "बिचारे," ते म्हणाले, "एवढा श्रीमंत देश, आणि कुणाचं लक्ष नाही." तेवढ्यात बाहेर गेलेला सुनील आत आला. साहेबांनी पाय आखडून घेतले आणि पुटपुटले, "याला पण इथेच?"

कासमभाई ब्लेड बदलत होते. "साहेब, अमेरिकेतला दिसला तुम्हाला, इथला नाय दिसत?"

"तसं नाही हो. मी नंतर येतो."

"या की. पण मग नंबर नवा. आता चौथा हाय तुमचा."

साहेब गेले. त्यांच्यामागे आणखी काही गिऱ्हाइकं गेली. मालकाचा फोन आला, तेव्हा मी बाकावरच होतो. कासमभाई मोडक्यातोडक्या अरबीत बोलले आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "विचारतो, दुकानात काय चाललंय? बोललो, दाढी. न्हाव्याच्या दुकानात अजून काय चालणार?"

मी म्हणालो, "माझ्या भावापायी तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. घाबरायचं काम तुझ्याकडे हाय ना, ते तू कर नीट. मला माझं करू दे."

असे किती शुक्रवार गेले, मोजले नाहीत. एका शुक्रवारी अर्धी दाढी झाल्यावर सुनीलने पाय टेकून खुर्ची स्वतःच आरशाकडे फिरवली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कासमभाई, आज मिशीपण काढा. आत कोण काढणार?"

कासमभाईंचा वस्तरा थांबला. "आत म्हणजे कुठे?"

"दवाखान्यात."

त्यांनी मिशी काढली, डोकं धुतलं, आपला इस्त्रीचा शर्ट त्याला घातला. "आता टॅक्सी थांबते की नाय बघ." पहिलीच थांबली. मी भीतीने घामाघूम, केस विस्कटलेले. दवाखान्याच्या दारावरच्या माणसाने आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि माझा दंड धरून सुनीलला विचारलं, "पेशंट ये है?" किती महिन्यांनी सुनील हसला. "नहीं भाई," तो म्हणाला, "मैं हूँ." आणि आपल्या पायांनी आत गेला.

कासमभाईंना मालकाने त्याच महिन्यात काढलं. मी रडकुंडीला आलो, तर हे बॅग भरत म्हणाले, "तुझं तोंड बघून कोण बोलेल की भाऊ सुटला? हस मेल्या." त्या दिवशीही कानाखाली ते चार केस होतेच.

सुनील बरा झाला असं लिहायची माझी अजून हिंमत होत नाही. तो गावी आहे, सकाळी उठतो, दाढी करतो आणि मला फोटो पाठवतो. मी कामाला चढायच्या आधी तो फोटो बघतो. कासमभाई फोनवर सांगतात की हात थरथरतो आता, चार केसांचे चाळीस झालेत.

कासमभाई, सुट्टी मिळाली की मी सुनीलला घेऊन दापोलीला येणार. तुम्हाला अंगणात खुर्चीवर बसवणार, भर दिवसा, रस्त्याकडे तोंड करून, आणि ते कानाखालचे केस आम्ही काढणार. तुमच्याकडे माणसांची रांग असली तरी हरकत नाही. आम्ही नंबर लावू.