बाबांच्या टॅबवरचं कच्चं व्हर्जन

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या या गृहस्थाला घरीदारी सगळे ‘उपद्व्यापी’ म्हणत, आणि त्याला त्याचं कौतुकच वाटे. हात म्हणून स्वस्थ नाहीत. फोनच्या सॉफ्टवेअरचं नवं, कच्चं व्हर्जन कंपनीने नुसतं तपासणीसाठी काढायचा अवकाश, हा ते आपल्या फोनवर चढवून मोकळा! मग गजर वाजायचा नाही, बॅटरी दुपारीच मान टाकायची, आणि हा चुका शोधून कंपनीला कळवत बसायचा. विकतचं दुखणं, दुसरं काय! पण फोन त्याचा, हौस त्याची. कुणाला काय करायचंय?

घोटाळा झाला तो बाबांच्या टॅबवर. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती. चित्रावर बोट ठेवलं की टॅब त्यांच्या वतीने बोलायचा: ‘पाणी’, ‘पंखा बंद कर’, ‘सूनबाई कुठंय?’ सुनेने त्यांच्याजवळ बसून, खुणा ओळखत एकेक बटण तयार केलं होतं. आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा यायचा. कच्च्या व्हर्जनमध्ये अगदी माणसासारखा आवाज आलाय, असं वाचल्यापासून याला घास गोड लागेना. बाबांना चांगला आवाज द्यायचा होता, एवढंच. रविवारी सकाळी बायको बाहेर पडली आणि याने डाव साधला.

टॅब बंद झाला, सुरू झाला, पुन्हा बंद झाला. मग नुसता काळा पडदा. बाबा काचेवर बोट आपटत राहिले, आधी हळू, मग जोरात, आणि त्यांची नजर मुलावरून हलेना. “होतंय बाबा, आत्ता होतंय,” म्हणत हा खोलीभर येरझारा घालत होता. होत काहीच नव्हतं.

बायको परतली तेव्हा हा काळा पडलेला टॅब हातात घेऊन उभा होता.

“तुझ्या फोनचं काय वाट्टेल ते कर. पण हे बाबांचं तोंड आहे रे!”

“अगं, आवाज चांगला...”

“त्यांनी मागितला होता?”

संध्याकाळपर्यंत झटून त्याने जुनं, भरवशाचं व्हर्जन परत घातलं. टॅब सुरू झाला, पण बटणं सगळी पुसली गेली होती. ‘आधी कॉपी काढून ठेवा,’ असं जगाला बजावणारा हा घाईत स्वतःच विसरला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तो बाबांसमोर बसला. “पहिलं कुठलं करू? पाणी?” बाबांनी नकारार्थी मान हलवली. “पंखा?” पुन्हा नाही. “सूनबाई?” बाबांनी टॅब छातीशी ओढला आणि चालत्या हाताने त्याचा हात झटकला. पुन्हा झटकला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “एवढं एकदाच द्या,” म्हणत त्याने टॅब घेतला, बटण केलं आणि परत दिला.

बाबांनी लगेच दाबलं. “हात लावू नकोस!” डब्यातला आवाज म्हणाला. त्या आवाजातही बाबांची जुनी जरब ओळखून त्याला रडू फुटलं.

डोळे पुसतोय तोच खिशातला फोन थरथरला. आणखी एक कच्चं व्हर्जन आलं होतं. हात आपसूक खिशाकडे गेला.

बाबांनी बटण दाबलं.